मोटारसायकलच्या बॅटरीचा जमाखर्च

किक मारून गाडी सुरू करण्याचा शिरस्ता जोवर सार्वत्रिक होता, तोवर मोटारसायकलच्या बॅटरीला घरातल्या दूरच्या आप्ताइतकेच महत्त्व होते. बहुसंख्य लहान गाड्यांमध्ये ठिणगीसाठी लागणारी वीज इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकचक्रापासूनच उत्पन्न होत असे, आणि बॅटरी पार उतरली तरी हॉर्न मुका व्हावा किंवा इंडिकेटर मंदावावा, यापलीकडे स्वाराचे फारसे काही अडत नसे. ती स्थिती आता पालटली आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा पुढचा दिवा इंजिन चालू असेतो अखंड तेवत ठेवण्याचा नियम अमलात आला. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाविषयीचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर कार्बोरेटरची जागा बहुतेक गाड्यांत इंधन फवारणाऱ्या विद्युतयंत्रणेने घेतली, आणि किक तर कित्येक गाड्यांवरून नाहीशीच झाली. पेट्रोलचा पंप आणि त्यावर हुकमत चालविणारा संगणक हे दोघेही बॅटरीच्या विजेवर जगणारे असल्यामुळे, ती पूर्णपणे रिती झाली असता चार जणांनी मिळून धक्का मारला तरी अशी गाडी सहसा दाद देत नाही. इतका अधिकार ज्या वस्तूकडे आला, तिच्याविषयीचे आपले ज्ञान मात्र किकच्या काळातलेच राहिले आहे, आणि म्हणूनच ज्या बॅटरीला आणखी दोन वर्षे सुखाने काम करता आले असते, ती अकाली मोडीत जाते.

बॅटरी वीज निर्माण करून गाडीला पुरविते, ही समजूत या अज्ञानाच्या मुळाशी आहे. वस्तुतः ती केवळ खजिना आहे. इंजिन फिरू लागले की चुंबकाजवळची कॉइल वीज उत्पन्न करते, रेक्टिफायर ती एकदिश करून आणि तिचा दाब आवरून बॅटरीत जमा करतो, आणि पुढच्या वेळी बटण दाबले की त्याच शिलकेतून खर्च होतो. सेल्फची मोटर इंजिनाला पहिला फेरा देताना क्षणभर पन्नास-शंभर अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते. हा मोठा खर्च दोन-तीन सेकंदांत उरकतो खरा, परंतु घरापासून बाजारापर्यंत, बाजारापासून शाळेपर्यंत, असा एकेक किलोमीटरचा प्रवास करून प्रत्येक ठिकाणी इंजिन बंद करणाऱ्या आणि मधल्या वाटेत सिग्नलवर मंद गतीने घुरघुरत उभे राहणाऱ्या गाडीत तो भरून येण्याइतकी जमा होतच नाही. त्यात हौसेने लावलेले जादा दिवे, मोठ्या आवाजाचा हॉर्न आणि मोबाइलचा चार्जर यांची भर पडली, की रोज थोडी थोडी तूट साचत जाऊन एके सकाळी सीटखालून नुसता ‘टक्-टक्’ असा आवाज येतो. अशा गाडीला आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास चालविणे, हा कोणत्याही औषधापेक्षा गुणकारी उपाय आहे.

ही तूट नुसती गैरसोयीची नसून घातक का ठरते, हे समजण्यासाठी खोक्याच्या आत डोकावले पाहिजे. गॅस्टन प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये सिद्ध केलेले तत्त्वच आजही आपल्या सीटखाली कार्य करीत आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात, आणि प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट दाब देतो. कप्प्यातील एका जातीच्या पट्ट्या शुद्ध शिशाच्या, दुसऱ्या जातीच्या शिशाच्या ऑक्साइडच्या, आणि दोहोंच्या मध्ये पाणी मिसळलेले गंधकाम्ल. वीज खर्च होऊ लागली की आम्लातील सल्फेट दोन्ही पट्ट्यांवर जाऊन बसते आणि उरलेला द्रव अधिकाधिक पाणचट होतो. वीज भरू लागली की तेच सल्फेट पट्ट्या सोडून पुन्हा द्रवात उतरते. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील द्रवाची घनता पाण्याच्या सुमारे १.२८ पट असते, ती रिकामी होत आली की १.१५ च्याही खाली उतरते, आणि म्हणूनच जुने जाणते कारागीर हायड्रोमीटरची काचनळी बुडवून बॅटरीचे अंतरंग नेमके ओळखीत. आता यातील मर्माची गोष्ट अशी, की पट्टीवर नुकतेच बसलेले सल्फेट सूक्ष्म कणांचे असते व सहज विरघळते, परंतु बॅटरी उतरलेल्या अवस्थेत काही आठवडे तशीच पडून राहिली, तर त्या कणांचे जाड, कठीण स्फटिक बनतात आणि मग कितीही वीज भरली तरी ते विरघळण्याचे नाव घेत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. बॅटरी वापराने झिजते हे खरेच, परंतु उतरलेली बॅटरी ‘बघू पुढच्या रविवारी’ म्हणून तशीच ठेवल्याने ती त्याहून कितीतरी वेगाने नासते.

गणपतीला गावी येऊन गाडी चालविणारे आणि मग ती थेट शिमग्यापर्यंत पडवीत झाकून ठेवणारे कोकणातले चाकरमानी या हानीचे सर्वांत मोठे वाटेकरी आहेत. गाडी बंद असतानाही बॅटरीची वीज आपोआप थोडीथोडी क्षीण होत असते, आणि घड्याळ, चोरीची सूचना देणारी यंत्रणा किंवा ठावठिकाणा सांगणारे उपकरण ती अधिक शोषून घेते. निघण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडवून ठेवली तर हे शोषण थांबते, आणि घरच्या कोणाकडून महिन्या-दीड महिन्याने ती चार्जिंगला लावण्याची तजवीज झाली, तर फाल्गुनातही ती पहिल्या हाकेला ओ देते. उन्हाळ्याचा जाच मात्र वेगळा. उष्णतेने आतील रासायनिक क्रिया वेगावतात आणि आयुष्य तितक्याच वेगाने सरते. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुर्मान सुमारे निम्म्यावर येते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. चंद्रपूर-नागपूरकडे वैशाखात गाडी दिवसभर उन्हात उभी न करता सावलीत लावणे, ही म्हणूनच बॅटरीचीही सेवा आहे.

पाणी भरण्याची बॅटरी असेल, तर तिच्या पांढुरक्या अंगावर वरची व खालची अशा दोन रेषा असतात आणि द्रव सदैव त्यांच्या दरम्यान असला पाहिजे. चार्जिंगच्या अखेरीस पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन निघून जातात, आम्ल मात्र आतच राहते. तेव्हा कमी झालेला द्रव भरून काढावयाचा तो केवळ डिस्टिल्ड पाण्याने. ‘जोर यावा’ म्हणून वरून ॲसिड ओतणारे महाभाग पट्ट्यांचा अंत जवळ आणतात. नळाचे वा बोअरचे पाणी तर कटाक्षाने वर्ज्य, कारण त्यातील क्षार आणि लोह पट्ट्यांवर विषासारखे काम करतात. घरातील शुद्धीकरण यंत्राचे पाणी पिण्यास उत्तम असले तरी त्यातही क्षार शिल्लक राहतातच. अलीकडच्या बंद बॅटऱ्यांत द्रव काचेच्या तंतूंच्या गादीत शोषून ठेवलेला असतो आणि आतल्या आत वायूंचे पुन्हा पाणी होते. अशा बॅटरीची वरची पट्टी उचकटून पाणी घालू पाहणे हा अत्याचार आहे.

बॅटरी बदलावी की नाही, याचा निवाडा अंदाजाने करू नये. प्रथम टर्मिनलचे स्क्रू घट्ट आहेत ना, त्यांवर पांढरी-हिरवी बुरशी धरली आहे काय, ते पाहावे. कित्येकदा सारी तक्रार तेवढ्याशाच ठिकाणी असते, आणि वायरी सोडवून, पाण्यात कालवलेल्या खाण्याच्या सोड्याने ते पुसून, पुन्हा कसून वर व्हॅसलिनचा पातळ हात दिला की ती मिटते. त्यानंतर शेदोनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर हाती घ्यावा. गाडी काही तास उभी असताना १२.६ व्होल्ट किंवा अधिक दाखविणारी बॅटरी भरलेली, १२.२ च्या आसपासची निम्मी आणि १२ च्या खालची जवळजवळ रिती समजावी. सेल्फ मारताना हा आकडा साडेनऊच्याही खाली कोसळत असेल, तर भरलेली दिसणारी बॅटरीही आतून पोकळ झाली आहे. तिसरी तपासणी सर्वांत महत्त्वाची आणि गॅरेजमध्ये सर्वाधिक दुर्लक्षित अशी: इंजिन मध्यम वेगाने चालू असताना दाब साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टच्या दरम्यान असला पाहिजे. तो तेराच्या खालीच रेंगाळत असेल तर कॉइल वा रेक्टिफायर सदोष आहे, आणि पंधराच्या वर जात असेल तर बॅटरी रोज आतून उकळते आहे. या दोन्ही प्रसंगी नवी बॅटरी घालणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणे होय, आणि सहा महिन्यांत दुसरी बॅटरी विकत घेणाऱ्या ग्राहकाने विक्रेत्याला बोल लावण्यापूर्वी ही तपासणी झाली होती काय, हे विचारले पाहिजे.

उतरलेल्या बॅटरीला बाहेरून चार्जिंग देताना तिच्या अँपिअर-अवर क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतकाच प्रवाह द्यावा. पाचाच्या बॅटरीला अर्धा अँपिअर, नवाच्या बॅटरीला पाऊण ते एक. तासाभरात भरून देतो म्हणणाऱ्याच्या स्वाधीन ती करू नये, कारण घाईच्या प्रवाहाने पट्ट्या तापून वाकतात. जागा हवेशीर असावी आणि जवळपास विडी-काडी पेटू नये, कारण निघणारा हायड्रोजन स्फोटक असतो.

नवी घ्यावयाची ठरल्यास व्होल्ट, अँपिअर-अवर, खोक्याचे मोजमाप आणि धन टर्मिनल डावीकडे आहे की उजवीकडे, या चारही बाबी जुनीशी जुळवून घ्याव्यात. खोक्यावर छापलेला निर्मितीचा महिना पाहावा. दुकानाच्या फळीवर वर्षभर पडून असलेली बंद बॅटरी नवी म्हणवत असली तरी तिने पुष्कळ काही गमावलेले असते. ज्या कोरड्या बॅटरीत दुकानातच ॲसिड भरले जाते, तिला पट्ट्या भिजेपर्यंत अर्धा तास विसावा आणि मग निर्मात्याच्या पत्रकाप्रमाणे पहिले चार्जिंग मिळाल्याखेरीज ती ताब्यात घेऊ नये. त्या पहिल्या भरणीत केलेली कसूर पुढे कशानेही भरून निघत नाही.

काढताना किल्ली बंद करून आधी ऋण वायर सोडवावी, मग धन. बसविताना आधी धन आणि शेवटी ऋण. गाडीचा सांगाडाच ऋण बाजूला जोडलेला असल्यामुळे, धन टर्मिनलवर फिरणारा पान्हा चुकून सांगाड्याला टेकला तर ठिणग्यांचा लोळ उठतो, आणि ऋण वायर आधीच सुटलेली असेल तर काहीच होत नाही. दोन्ही वायरींची अदलाबदल झाल्यास फ्यूज उडून सुटका झाली तर ते भाग्य, एरवी रेक्टिफायर आणि संगणक यांची आहुती पडते. पाण्याच्या बॅटरीची वाफ वाहून नेणारी बारीक नळी मोडू न देता खालपर्यंत सोडावी, नाहीतर आम्लाचा अंश चेनवर व सांगाड्यावर ठिबकून गंज धरतो. अंगावर ॲसिड उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास पंधरा मिनिटे पाण्याची धार धरून तत्काळ डॉक्टर गाठावा.

जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नये. तिच्यातील शिसे उघड्या भट्टीत वितळविले जाते तेथे त्याची वाफ आणि धूळ वस्तीतल्या मुलांच्या शरीरात जाते, आणि वाढत्या मेंदूवर शिशाचे जे आघात होतात ते परत फिरविता येत नाहीत. २००१ च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२२ च्या केंद्रीय नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचे रीतसर पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी ठरवून दिली आहे. बहुतेक विक्रेते जुनीच्या बदल्यात नवीच्या किमतीत सूटही देतात, तेव्हा ती वजावट पावतीवर लिहून घ्यावी, आणि वजन हलके करण्यासाठी आतले ॲसिड गटारात न ओतता बॅटरी आहे तशी, उभी धरून, दुकानात पोहोचवावी.