भोर-वेल्ह्यात जमिनीत पैसे घालताय? आधी सातबारा वाचा

राजगडाच्या पायथ्याशी किंवा भाटघरच्या पाण्याकाठी चौघा मित्रांनी पैसे काढून जमीन घ्यायची, हा बेत पुण्यात सारखा कानावर येतो. मला या विषयाचं वेड आहे, म्हणून कळकळीने सांगतो: रोख देणं सोपं, पण त्या रोखीचा हिस्सा कागदावर दिसायला हवा.

मगरपट्टा सिटी बघा. सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी 400 एकर जमीन एकत्र आणली आणि जमिनीच्या प्रमाणात कंपनीत शेअर घेतले. जमीन हेच त्यांचं भांडवल! मालकी गेली नाही, वाढली.

डोंगराकडे मात्र ‘11 गुंठे, चौघांत’ असे सौदे सुचवले जातात. 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो; नावं सामाईक लागतात, पण तुमचे पावणेतीन गुंठे वेगळे निघत नाहीत. शिवाय शेतकरी नसाल तर परवानगीशिवाय शेतजमीन घेताच येत नाही.

परवा एक सातबारा पाहिला. पाऊण एकराला 17 नावं, ‘इतर हक्कां’त सोसायटीचा बोजा, आणि विसारपावतीवर सह्या फक्त दोघांच्या.

विसार देण्याआधी फेरफार, मोजणीचा नकाशा आणि प्रत्येक खातेदाराची संमती बघा. मित्रामित्रांतला करारही लेखी करून नोंदवा.