मेंदूतला विस्कटलेला थर

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एखादा कामगार फीट येऊन पडला, की आजही कुणीतरी कांदा नाहीतर चप्पल त्याच्या नाकाशी धरतं. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपला आपणच थांबतो. चपलेचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न येतो, “गोळी चुकवलीस का?” पण गोळ्या वेळेवर घेऊनही साधारण तीनातल्या एका रुग्णाची फीट पूर्ण आटोक्यात येत नाही. यातल्या अनेकांच्या, विशेषतः मुलांच्या, मेंदूची घडणच जन्माआधी कुठेतरी चुकलेली असते.

गर्भात मेंदूच्या पेशी आतून बाहेर सरकतात आणि सहा थरांत बसतात. काही जागी हे थर विस्कटतात, पेशी फुगलेल्या, वेड्यावाकड्या राहतात. लंडनमध्ये टेलर, फाल्कनर आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली दहा रुग्णांच्या मेंदूतल्या तुकड्यांत हे पाहिलं. याला ‘फोकल कॉर्टिकल डिस्प्लेशिया’ म्हणतात.

आपल्याकडे दिल्लीचं एम्स आणि मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र मिळून अपस्मारावर, म्हणजे फीटच्या आजारावर, संशोधन करतात. काही रुग्णांच्या मेंदूतला विस्कटलेला भाग शस्त्रक्रियेने काढून टाकतात. असा तुकडा एरवी फॉर्मेलिनच्या बाटलीत गेला असता. इथे त्याचे मिलिमीटरहूनही पातळ काप करतात, ऑक्सिजन सोडलेल्या क्षारद्रवात ते काही तास जिवंत ठेवतात आणि केसाहून बारीक टोकाच्या काचनळीने एकेका पेशीतली वीज मोजतात. मेंदूला शांत करणारा ‘गाबा’ या रसायनाचा संदेश अशा ऊतीत काही पेशींना उलट चेतवतो, असं जगभरच्या अशा अभ्यासांत दिसलं आहे. काही औषधं याच गाबावर भिस्त ठेवतात. ती का हरतात, याचा एक धागा इथे सापडतो.

दुसरा धागा २०१५ साली दक्षिण कोरियात मिळाला. काही रुग्णांच्या विस्कटलेल्या भागात ‘एमटॉर’ जनुकातला बदल सापडला, तोही थोड्याच टक्के पेशींत. रक्तात मात्र नाही. म्हणजे हा बदल आईबापांकडून आलेला नाही, गर्भातच घडलेला आहे. “ग्रहण पाळलं नाहीस” म्हणून वर्षानुवर्षं सुनेला बोल लावणाऱ्या घरांत हे एक वाक्य पोचलं, तरी या संशोधनाचं चीज झालं, असं मला वाटतं.

शस्त्रक्रियेचा उपयोग किती, हे पाहायला एम्सने औषधांना न जुमानणारा अपस्मार असलेल्या ११६ मुलांवर केलेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलं फीटमुक्त होती. नुसत्या औषधांवरची ७ टक्के. जोखीमही खरी आहे: शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे एकतृतीयांश मुलांना एका बाजूची कमजोरी यांसारखे गंभीर परिणाम भोगावे लागले.

तरीही योग्य अशी दोन औषधं पुरेशा मात्रेत घेऊन फीट थांबत नसेल, तर तिसऱ्या-चौथ्या गोळीत वर्षं घालवू नका. थरांतला बारीक बिघाड साध्या एमआरआयमध्ये निसटू शकतो. अपस्मारासाठीचा खास एमआरआय आणि व्हिडिओ ईईजी करायचा का, हे डॉक्टरांना विचारा. गोळ्या मनाने बंद करू नका. परळच्या केईएममध्ये ही शस्त्रक्रिया होते. जाताना जुन्या फिल्म, आजवरच्या गोळ्यांची यादी आणि मोबाइलवर काढलेला फीटचा व्हिडिओ सोबत न्या.