न झालेल्या जखमेचा हिशेब

रुग्णालयाचा वार्षिक अहवाल म्हटला की त्यात तपासलेले रुग्ण, पार पडलेल्या शस्त्रक्रिया, खरेदी केलेली यंत्रसामग्री आणि मिळालेल्या देणग्या यांची नोंद असते. या सर्व गोष्टी मोजता येतात. परंतु रुग्णसेवेचा एक मोठा भाग असा आहे, की तो उत्तम रीतीने पार पडला तर त्याची कोणतीही खूण मागे राहत नाही. तो भाग म्हणजे परिचर्या. परिचारिकांची व्यावसायिक मूल्ये म्हणजे नेमके काय आणि ती टिकवण्याची जबाबदारी कोणाची, याविषयी सन्माननीय देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्यापुढे काही विचार मांडावेत, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

मूल्ये हा शब्द समारंभांतील भाषणांत वारंवार ऐकू येतो. कक्षात मात्र तो साध्या कृतींतून दिसतो. उदाहरण म्हणून शय्याव्रण घ्या, ज्यास आपण बेडसोर म्हणतो. पक्षाघात झालेला किंवा बेशुद्ध रुग्ण आपण होऊन कूस बदलू शकत नाही. माकडहाड, टाच, कंबरेची हाडे अशा ठिकाणी हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा दाबली जाते, तेथील रक्तपुरवठा मंदावतो आणि काही तासांतच त्वचा लाल होऊ लागते. ती लाली बोटाने दाबल्यावरही फिकी पडेनाशी झाली, तर तो धोक्याचा इशारा समजावा. ओलावा, मधुमेह व अपुरा आहार यांनी धोका वाढतो. एकदा जखम खोल गेली की ती भरून येण्यास महिने लागतात, आणि तिच्यातून जंतुसंसर्ग पसरल्यास जीवही जाऊ शकतो.

यावरील उपाय महागडा नाही. साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलणे, रुग्णास ओढून न सरकवता उचलून वळवणे, त्वचा कोरडी ठेवणे, चादरीवर सुरकुती राहू न देणे आणि प्रत्येक वेळी पाठ पाहणे, एवढाच तो आहे. वाणिज्य शाखेच्या सवयीने आम्ही याचा हिशेब मांडतो. रात्री आठ ते सकाळी आठ या वेळेत एका रुग्णाची कूस सहा वेळा बदलावी लागते. असे पाच रुग्ण असतील तर तीस वेळा. रुग्ण वजनदार असेल तर त्यास वळवण्यास दोघे लागतात. औषधे, सलाईन, नोंदी आणि नवे दाखल होणारे रुग्ण हे सारे याशिवाय.

भारतीय परिचर्या परिषदेने 2006 मध्ये परिचारिकांसाठी आचारसंहिता प्रसिद्ध केली. प्रत्येक रुग्णाचे वेगळेपण व त्याचे हक्क जपणे, खासगी बाबी गोपनीय ठेवणे, आपले कौशल्य अद्ययावत राखणे आणि समाजाने टाकलेल्या विश्वासास पात्र राहणे, ही तिची मुख्य तत्त्वे आहेत. ही तत्त्वे वाचावयास सोपी आहेत. कोणी पाहत नसताना, पहाटे चार वाजता, बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ती पाळणे ही खरी कसोटी होय.

या कसोटीचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच राज्यात घडले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी रुग्णालयाच्याच आवारात भीषण हल्ला झाला आणि त्यांच्या मेंदूस कायमची इजा झाली. तेव्हापासून 18 मे 2015 रोजी निधन होईपर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. त्यांच्यासंबंधीच्या दयामरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी निर्णय दिला. ती याचिका फेटाळताना न्यायालयाने के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांच्या सेवेचा गौरव केला आणि त्यांनाच अरुणाताईंचे खरे आप्त मानले. इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झालेले नाही, ही बाबही न्यायालयापुढे आली होती.

यात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. 1973 मधील परिचारिका यथाकाळ निवृत्त झाल्या. नंतर आलेल्या अनेकींनी अरुणाताईंना कामावर असताना कधी पाहिलेही नव्हते. तरीही सेवेत खंड पडला नाही, कारण ती कोणा एकीच्या दयाबुद्धीवर अवलंबून नव्हती. पाळी बदलताना एका परिचारिकेने दुसरीच्या हाती सोपवलेले ते कर्तव्य होते. व्यावसायिक मूल्य म्हणतात ते यासच.

आता आपल्या रुग्णालयातील एक अनुभव प्रांजळपणे नमूद करतो. काही वर्षांपूर्वी पक्षाघाताने अंथरुणास खिळलेल्या एका वृद्ध रुग्णास आमच्या कक्षात शय्याव्रण झाले. चौकशीसाठी आम्ही कूस बदलण्याचा तक्ता मागवला. रात्री दोन, चार व सहा या वेळांचे रकाने कोरे होते. आम्ही परिचारिकेस जाब विचारला. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, त्या रात्री कक्षात मी एकटीच होते. दोन रुग्ण अत्यवस्थ होते. जे काम झाले नाही, त्यापुढे मी सही कशी करू?"

आम्ही निरुत्तर झालो. खर्च न होता व्हाउचर करू नये, हे आम्ही लेखा विभागास वर्षानुवर्षे सांगत आलो. तोच नियम त्यांनी स्वतःचे नुकसान होण्याची शक्यता असताना पाळला होता. त्यांनी तीन खुणा केल्या असत्या तर तक्ता पूर्ण दिसला असता आणि दोष कोठे आहे हे आम्हांस कधीच कळले नसते. दोष त्यांच्या निष्ठेत नव्हता. पाळी लावणाऱ्या आमच्या व्यवस्थेत होता. रुग्णाच्या मुलास आम्ही घडले ते तसेच सांगितले व त्याची क्षमा मागितली. त्या वर्षी विश्वस्त मंडळाने एका यंत्राची खरेदी पुढे ढकलून त्या कक्षात रात्रीसाठी दुसरी परिचारिका नेमली.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि पुढच्या पाळीच्या अनेक परिचारिका पोहोचू शकल्या नाहीत. कक्षात असलेल्यांनी घरची काळजी बाजूस ठेवून सलग पाळ्या केल्या. त्यांचे ऋण आम्ही विसरणार नाही. परंतु संकटकाळी दाखवलेली निष्ठा ही रोजच्या नियोजनाची जागा घेऊ शकत नाही. वर्षभराचा कारभार महापुरातील पाळ्यांप्रमाणे चालवणे, म्हणजे परिचारिकांच्या मूल्यांचा गैरफायदा घेणेच होय.

देणगीदारांपुढे एक अडचण मोकळेपणाने मांडावीशी वाटते. यंत्र ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसते आणि त्याच्याजवळ देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. परिचारिकेचे वेतन मात्र खर्चाच्या बाजूस पडते. तिने टाळलेली जखम कोणत्याच बाजूस दिसत नाही. त्यामुळे यंत्रासाठी देणगी मिळते, रात्रपाळीसाठी सहसा मिळत नाही. यंत्रे हवीतच, आपल्या औदार्यामुळेच ती येथे आली, याची आम्हांस कृतज्ञ जाणीव आहे. तथापि, आपल्या देणगीचा काही अंश परिचारिकांच्या वेतनासाठी व प्रशिक्षणासाठी वापरण्याची मुभा द्यावी, अशी नम्र विनंती आहे. त्याची पाटी लावता येणार नाही. मात्र कूस बदलण्याचे तक्ते आपणांस केव्हाही पाहता येतील.

रुग्णांच्या नातेवाइकांनाही एक विनंती. रुग्णास कसे वळवावे हे सिस्टरांकडून शिकून घ्या, म्हणजे घरी गेल्यावरही सेवा चालू राहील. लाल झालेली जागा चोळू नका, लगेच दाखवा. सिस्टर पडदा ओढून आपणांस बाहेर थांबावयास सांगतात, तेव्हा त्या आपल्याच माणसाची लाज राखत असतात, हे ध्यानी घ्या. आणि तक्त्यात एखादा रकाना कोरा दिसला, तर प्रथम परिचारिकेवर न रागावता आमच्याकडे या. तो रकाना भरण्याची व्यवस्था करणे हे आमचे काम आहे.