मोबाइल किती वेळ? फोनलाच विचारा!

‘दिवसातून मोबाइल किती वेळ पाहता?’ असे डॉक्टरांनी विचारले, की ‘असेल तासभर’ असे उत्तर मिळते. सांगणारा खोटे बोलत नसतो. बसची वाट पाहताना, जेवताना, झोपण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे फोन हाती येतो. या तुकड्यांची बेरीज कुणीच ठेवत नाही. लोकांनी सांगितलेला वेळ आणि फोनमध्ये नोंदलेला वेळ यांची तुलना करणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही आकडे क्वचितच जुळले. काहींनी वेळ कमी सांगितला होता, काहींनी जास्त.

म्हणूनच अशा अभ्यासात प्रत्यक्ष नोंद महत्त्वाची. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील १४३ विद्यार्थ्यांवरील प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी रोज दहाच मिनिटे वापरायचे, दुसऱ्याने नेहमीप्रमाणे, असे ठरले. वापराची खात्री फोनमधील बॅटरीच्या नोंदीवरून केली गेली. तीन आठवड्यांनी वेळ कमी करणाऱ्यांमधील एकटेपणा आणि नैराश्याची लक्षणे दुसऱ्या गटाच्या तुलनेत घटली.

आणखी एक गोष्ट लक्षणीय होती. चिंता आणि ‘आपले काही हुकते आहे’ ही हुरहूर दोन्ही गटांत कमी झाली. आपल्या वापराकडे लक्ष गेले, याचाच हा परिणाम असावा, असे संशोधकांना वाटले. अर्थात हा प्रयोग लहान होता आणि एकाच विद्यापीठातील तरुणांवर झाला; त्यावरून सर्वांसाठी नियम काढता येणार नाही.

केवळ तास मोजून आजारही ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळच महत्त्वाचा वाटणे आणि नुकसान होऊनही तो न सुटणे ही त्याची लक्षणे. त्यामुळे अभ्यास, काम, नातेसंबंध बिघडलेले असावेत आणि हे साधारणपणे बारा महिने चाललेले असावे.

मुलाला रागावण्यापूर्वी घरातील सर्वांनी आपापल्या फोनमधील आठवड्याची ‘स्क्रीन टाइम’ची नोंद एकत्र पाहावी, आईवडिलांनीही. त्या वेळेत झोप, खेळ, गप्पा यांपैकी काय गेले, ते विचारावे. झोप उडाली असेल, शाळा बुडत असेल किंवा मूल एकलकोंडे झाले असेल, तर बारा महिने थांबू नये, डॉक्टरांना भेटावे. जाताना फोनमधली नोंद सोबत न्यावी.