दसऱ्याचा झेंडू, घरच्या कुंडीतला

मूळ गाव : मेक्सिको आणि मध्य अमेरिका. आपल्या तोरणात मात्र तो केव्हाच घरचा झाला.

बी कसं असतं : एका टोकाला काळी बारीक काडी, दुसऱ्या टोकाला फिकट झुपका. झाडावरच सुकलेलं फूल सोललं की मूठभर बी निघतं. मात्र संकरित झेंडूचं बी धरलं, तर पुढची फुलं आईसारखीच येतील याची खात्री नाही.

पेरणी : दसऱ्याआधी साधारण 70 ते 80 दिवस, म्हणजे बहुधा जुलै किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला. बी जेमतेम झाकेल एवढीच माती टाका. आठवडाभरात कोंब दिसतात.

लावणी : चार-पाच पानं आली की 10 ते 12 इंची कुंडीत एकच रोप लावा. माती, शेणखत आणि थोडी वाळू पुरते. खताचा मारा केला, तर पाला माजतो आणि फुलं रुसतात.

शेंडा खुडा : लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनी वरचा कोवळा शेंडा नखाने खुडा. जिवावर येतं, पण बाजूच्या फांद्या फुटून झाड डेरेदार होतं आणि कळ्याही वाढतात. लावणीला उशीर झाला असेल, तर मात्र शेंडा राहू द्या. खुडण्याने बहर थोडा लांबतो.

पावसाळ्यातली काळजी : कुंडीचं भोक मोकळं ठेवा, पाणी साचलं की मूळ कुजतं. निदान पाच-सहा तास ऊन हवं.

छोट्या गॅलरीसाठी : मखमली झेंडू. फूल लहान, झाड ठेंगणं, 8 इंची कुंडीतही खुशाल.