नियती नव्हे, मतदान

अमेरिकेच्या एकोणिसाव्या शतकाची आपल्याकडे सांगितली जाणारी गोष्ट फार सरळ असते. अटलांटिककाठची राज्यं पश्चिमेकडे पसरत गेली, जमीन मोकळीच पडली होती आणि मधल्या काळात गुलामगिरीही मोडली. १८४५ साली जॉन ओसलिव्हन या संपादकाने तर या विस्तारावर विधिलिखिताचा मुलामाच चढवला. वॉशिंग्टनमध्ये पडलेल्या मतांचे आकडे पाहिले की तो मुलामा उडतो.

गैरसमज : जमीन रिकामी होती, नाहीतर रीतसर विकत घेतली होती.

१८०३ साली अमेरिकेने फ्रान्सला दीड कोटी डॉलर मोजून लुइझियाना घेतलं, सुमारे सव्वाआठ लाख चौरस मैल. पण त्यातल्या बहुतेक मुलखावर फ्रान्सचा ताबा नव्हताच, तिथे मूळ रहिवासी नांदत होते. फ्रान्सने विकला तो इतर युरोपीय सत्तांना दूर ठेवून त्या जमिनीवर दावा सांगण्याचा हक्क. प्रत्यक्ष जमिनीसाठी पुढे तह आणि लढाया झाल्या.

गैरसमज : मूळ रहिवासी रानटी होते आणि त्यांना हुसकावताना कोणी ब्र काढला नाही.

जॉर्जियातले चेरोकी पाहा. सिक्वोया नावाच्या कारागिराने, स्वतःला इंग्रजी वाचता येत नसताना, १८२१च्या सुमारास आपल्या भाषेसाठी लिपी घडवली. १८२७ साली या लोकांनी लेखी राज्यघटना केली आणि १८२८ साली चेरोकी व इंग्रजी अशा दोन भाषांत वर्तमानपत्र काढलं. आपलं मराठी-इंग्रजी ‘दर्पण’ निघालं ते १८३२ साली.

त्यांच्यासारख्यांना मिसिसिपीपलीकडे घालवण्याचा कायदा १८३० साली प्रतिनिधीगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी कसाबसा तरला. मताचा हक्क नसलेल्या बायकांनी गावोगाव सह्या गोळा करून त्याविरुद्ध अर्ज धाडले होते. परवान्याशिवाय चेरोकी मुलखात राहिला म्हणून सॅम्युएल वुस्टर या मिशनऱ्याला जॉर्जियाने चार वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. त्याला पाठवणारं मिशन बोर्ड बोस्टनचं. मुंबईत १८१३ साली अमेरिकन मराठी मिशन सुरू केलं ते याच बोर्डाने, आणि अहमदनगरात ज्यांच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या त्या सिंथिया फरारबाईही याच बोर्डाच्या.

१८३२ साली सर्वोच्च न्यायालयाने वुस्टरच्या बाजूने, म्हणजे चेरोकी मुलखात जॉर्जियाचा कायदा चालत नाही असा, निकाल दिला. मुख्य न्यायाधीश मार्शल यांनीच आता निकाल अमलात आणावा, असा टोमणा अध्यक्ष जॅक्सनने मारल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. तो छापला गेला जॅक्सनच्या मृत्यूनंतर, तेव्हा त्यावर फार भिस्त ठेवू नये. चेरोकींना त्या निकालाचा उपयोग झाला नाही, एवढं मात्र खरं. १८३५ साली कसलाही अधिकार नसलेल्या मूठभर चेरोकींनी जमीन सोडण्याच्या तहावर सह्या केल्या. हजारो चेरोकींनी हरकत घेऊनही सिनेटने तो ३१ विरुद्ध १५ मतांनी मंजूर केला. दोनतृतीयांश मतं लागत होती. एक मत कमी पडतं तर तह बारगळला असता. १८३८-३९मध्ये सुमारे १६ हजार लोकांना सक्तीने हलवलं, त्यांतले चारेक हजार दगावले असा अंदाज आहे. या तांड्यांत श्रीमंत चेरोकींचे काळे गुलामही होते.

गैरसमज : विस्ताराला विरोध करणारे सगळे सज्जन होते.

मेक्सिकोविरुद्धचं युद्ध १८४६ साली प्रतिनिधीगृहात १७४ विरुद्ध १४ अशा घसघशीत मतांनी मंजूर झालं. त्याच विधेयकात सैन्याच्या खर्चाची तरतूद घुसडली होती, त्यामुळे ‘नाही’ म्हणणं म्हणजे आपल्याच शिपायांना वाऱ्यावर सोडणं ठरलं असतं. दीड वर्षाने नवखा सभासद अब्राहम लिंकन अध्यक्षांना विचारू लागला, की मेक्सिकोने आपल्या भूमीवर रक्त सांडलं म्हणता, ती नेमकी जागा दाखवा. पण दक्षिणेतल्या सिनेटर कॅल्हूनचा आक्षेप निराळाच होता. अख्खा मेक्सिको घेतला तर गोरे नसलेले लोक नागरिक होतील, ही त्याची धास्ती. जिंकलेल्या मुलखात गुलामगिरी नको म्हणणाऱ्या विल्मटलाही ती जमीन गोऱ्या कष्टकऱ्यांसाठी राखायची होती.

गैरसमज : लिंकनच्या जाहीरनाम्याने गुलामगिरी संपली.

१ जानेवारी १८६३चा जाहीरनामा यादवी युद्धातल्या बंडखोर भागापुरता होता. केंटकी, डेलावेअरसारखी संघराज्यात राहिलेली गुलामांची राज्यं त्यातून वगळली होती. देशभर बंदी आली ती डिसेंबर १८६५मधल्या तेराव्या घटनादुरुस्तीने. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, त्यांचा लढा एका सहीने सुटला नव्हता.

गैरसमज : सुधारक मंडळी एकदिलाने लढली.

१८४८ साली सेनेका फॉल्सच्या महिला परिषदेत फ्रेडरिक डग्लस या मुक्त झालेल्या गुलामाने मताधिकाराच्या ठरावाची बाजू लावून धरली. जाहीरनाम्यावर ६८ बायका आणि ३२ पुरुषांनी सह्या केल्या. पण काळ्या पुरुषांना मत देणारी पंधरावी घटनादुरुस्ती पुढे आली, तेव्हा त्यात बायका नाहीत म्हणून एलिझाबेथ केडी स्टॅन्टन आणि सुझन अँथनी या महिला चळवळीच्या पुढारी विरोधात गेल्या. १८६९ साली चळवळ फुटली. या वादात स्टॅन्टनबाईंनी काळ्यांबद्दल वापरलेली भाषा आज वाचवत नाही.

बायकांना देशभर मताधिकार मिळाला १९२० साली. ज्या मूळ रहिवाशांसाठी बायकांनी १८३० साली सह्या गोळा केल्या होत्या, त्यांना सरसकट नागरिकत्व मिळालं ते त्यानंतर चार वर्षांनी, १९२४ साली.