तुमच्या अलॉयची ‘स्किन टाइप’ कोणती?

चाकं चकाचक ठेवायला महागडी बाटली लागतेच असं नाही. आधी फिनिश ओळखा. समुद्राला खेटून असलेल्या पालीत हा फंडा सगळ्यात लवकर कळतो!

फेसवॉश घेताना तुम्ही काय करता? ऑयली, ड्राय की सेन्सिटिव्ह, हे बघता. बाटली उलटीपालटी करून लेबल वाचता. मैत्रिणीला फोन लावता. आणि गाडीच्या चाकांसाठी? वॉशिंग सेंटरवाला जे मारेल ते! नाहीतर सिंकखाली जी बाटली हाताला लागेल ती. ईएमआयवर घेतलेल्या गाडीत लूकसाठी मुद्दाम अलॉयवालं मॉडेल निवडायचं, आणि मग त्याच अलॉयवर टॉयलेट क्लीनर ओतायचा. कमाल आहे ना?

गंमत म्हणजे चाकांनाही स्किन टाइप असते. दोन अलॉय दिसायला सारखी असली तरी वरची त्वचा वेगळी असू शकते. आपण धुतो, घासतो, पॉलिश करतो ते सगळं या त्वचेवर. आतल्या धातूला तर आपला हात बहुतेक वेळा लागतच नाही. आजच्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा. बाकी सगळं यातूनच निघतं.

पालीच का?

भाईंदर पश्चिमेला उतरून उत्तनच्या दिशेने निघालं, की मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं लागतात. वाटेत मिठागरं दिसतात. पुढे डोंगरी, उत्तन आणि मग थेट समुद्राला भिडलेली पाली आणि चौक ही कोळी वस्ती. बांबूंवर वाळणारे बोंबील, किनाऱ्यावरच्या होड्या आणि चोवीस तास खारा वारा. वीकेंडला फिरायला मस्त जागा. गाडीसाठी मात्र ही जागा म्हणजे रोजची परीक्षा!

माझी एक मैत्रीण इथे राहते. रोज भाईंदरहून लोकल पकडून अंधेरीला ऑफिस गाठते. तिच्या सेकंडहँड हॅचबॅकला ड्युअल टोन अलॉय आहेत, म्हणजे खाचांमध्ये काळा रंग आणि समोरचा भाग चांदीसारखा. मागच्या वर्षी हायवेवरच्या एका वॉशिंग सेंटरमध्ये तिने गाडी दिली. तिथल्या मुलाने चाकांवर काहीतरी फवारलं, फेस आला, काळा मळ दोन मिनिटांत गायब. ती खूश. दोन महिन्यांनी त्याच चाकांवर दुधाळ डाग आले, आणि पावसाळा संपेपर्यंत चकचकीत भागात पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा पसरल्या. “अगं, धुतल्यामुळे खराब झाली असं कुणाला सांगितलं तरी पटत नाही,” ती म्हणाली.

पटायला हवं. अलॉय म्हणजे मुख्यतः अॅल्युमिनियम, त्यात थोडं सिलिकॉन आणि मॅग्नेशियम. अॅल्युमिनियमवर आपोआप ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. हा थर साधारण ४ ते ८.५ पीएचच्या दरम्यान टिकतो. त्याखाली अॅसिड त्याला खातं, त्यावर अल्कली खातं. आपल्या आज्यांना हे पीएच न शिकताही माहीत होतं. जर्मनच्या पातेल्यात त्या चिंचेची आमटी किंवा कोकमाचं सार ठेवत नसत, आणि धुण्याचा सोडा लागला की तेच पातेलं काळं पडतं हेही त्यांना ठाऊक होतं. तुमचं अलॉय म्हणजे त्याच पातेल्याचा श्रीमंत चुलतभाऊ!

त्यात पालीची हवा. मिठातला क्लोराइड हा संरक्षक थर जागोजागी फोडतो. फुटपाथला घासून किंवा अॅसिडने वरच्या लॅकरला बारीक चीर पडली, की दमट खारी हवा तिथून आत शिरते आणि लॅकरच्या खालून गंज धाग्यासारखा पुढे सरकतो. मैत्रिणीच्या चाकावरच्या त्या ‘अळ्या’ म्हणजे हाच गंज. ठाणे-पुण्यात जी चूक काही वर्षांनी दिसेल, ती इथे एका पावसाळ्यात दिसू शकते.

ओळखा पाहू!

१. रंगवलेली किंवा पावडर कोटेड चाकं. सिल्व्हर, ग्रे, काळी. कंपनीतून आलेली बहुतेक अलॉय याच जातीची. वर पारदर्शक लॅकर असतो. याला न्यूट्रल पीएचचा कार शॅम्पू किंवा ‘न्यूट्रल’ लिहिलेला व्हील क्लीनर पुरतो. त्यावर वॅक्स किंवा सीलंट. मेटल पॉलिशची इथे गरजच नाही, कारण तुम्ही धातू नाही, लॅकर घासताय!

२. डायमंड कट किंवा मशीन्ड. सध्याचा हिट लूक. समोरचा धातू मशीनवर कापून चमकवतात आणि वर पातळ लॅकर देतात. ही सगळ्यात सेन्सिटिव्ह स्किन. न्यूट्रल क्लीनर, मऊ स्पंज, बस्स. एकदा लॅकरखाली गंज शिरला की कोणतंही पॉलिश तिथवर पोचत नाही. चाक पुन्हा कापून घ्यावं लागतं, आणि प्रत्येक वेळी धातू थोडा कमी होत असल्याने हे मोजक्याच वेळा करता येतं.

३. उघडं पॉलिश्ड अॅल्युमिनियम. वर लॅकर नाही, नुसता घासून चमकवलेला धातू. आफ्टरमार्केट चाकांत सापडतं. मेटल पॉलिशची खरी जागा ही! पण तेही ‘अॅल्युमिनियमसाठी’ असं लिहिलेलं, मऊ कापडावर थोडंसं घेऊन. नंतर लगेच सीलंट, नाहीतर खाऱ्या हवेत चमक फार दिवस टिकणार नाही.

४. क्रोम. आरशासारखं. निकेलवर क्रोमचा अगदी पातळ थर असतो. शॅम्पूने धुवा, कोरडं करा, हवं तर सौम्य क्रोम पॉलिश लावा. अॅसिड आणि तारेची घासणी एकदम बाद. थर उडून फोड आले की पॉलिशने ते भरून येत नाहीत.

५. अॅनोडाइज्ड. रंगीत धातूसारखं दिसणारं, आपल्याकडे कमी सापडणारं फिनिश. अॅसिडही नको, कडक अल्कलीही नको. फक्त न्यूट्रल.

६. मॅट. काळं, न चमकणारं, जाम डॅशिंग. इथे पॉलिश आणि साधा वॅक्स दोन्ही वर्ज्य. घासलेला भाग चमकायला लागतो, चाक पट्टेरी दिसतं आणि ते परत मॅट करता येत नाही. मॅटसाठीचाच सीलंट घ्या, किंवा काहीच लावू नका.

७. स्टीलचं चाक आणि प्लास्टिकची कॅप. लाजू नका, रस्त्यावर यांची संख्या कमी नाही. शॅम्पू पुरे. फक्त अधूनमधून कॅप काढून मागे साचलेली खारट माती धुवा आणि गंजाचा ठिपका दिसला की रंग लावून बंद करा.

लॅकर आहे की नाही, कळत नाहीये? सोपी टेस्ट आहे. चाक धुवून कोरडं करा. न दिसणाऱ्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर चिमूटभर मेटल पॉलिश घेऊन हलकेच घासा. फडकं काळं झालं तर उघडा धातू. नाही झालं तर वर लॅकर आहे, पॉलिश ठेवून द्या.

काळा मळ येतो कुठून?

ती नुसती धूळ नाही. ब्रेक दाबला की पॅड आणि डिस्क घासली जातात आणि त्यातून लोखंडाचे गरम कण उडून चाकावर बसतात. ब्रेकचं जास्त काम पुढची चाकं करतात. शिवाय आपल्या बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतो, त्यातली धूळ बरीचशी आतच राहते. म्हणून पुढची चाकं काळी आणि मागची त्या मानाने गोरी!

हे कण गंजून लॅकरला चिकटले की शॅम्पूने निघत नाहीत. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. फवारला की लोखंडाशी क्रिया होऊन जांभळा ओघळ येतो. वास मात्र भयानक! यात थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं, आणि पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या लोशनमध्येही त्याच कुळातलं रसायन वापरतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा, सावलीत, सुकू न देता वापरायचा आणि भरपूर पाण्याने धुवायचा. उघड्या धातूवर किंवा अॅनोडाइज्डवर मारायचा असेल, तर लेबलवर तशी परवानगी आहे का ते आधी बघा.

स्वयंपाकघरातले उमेदवार

मराठी घरात काहीही चमकवायचं म्हटलं की हात पितांबरीकडे जातो. पण ती तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आहे, लॅकरसाठी नाही. ब्रासोचंही तेच. नावातच ब्रास आहे! त्यातले बारीक कण पितळ घासतात, तसाच तुमचा लॅकरही घासतात. लिंबू, व्हिनेगर, खायचा सोडा हे सगळे ‘नॅचरल’ असले तरी पीएचला त्याचं काही पडलेलं नसतं. दसऱ्याला चाकाखाली लिंबू चिरडून, वर नारळाचं पाणी शिंपडून पूजा जरूर करा. फक्त रस रिमवर उडाला असेल तर संध्याकाळपर्यंत पाण्याचा एक तांब्या फिरवा. देव रागावणार नाही.

आणि पाण्याचं म्हणाल, तर किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ असू शकतं. त्यानेच धुवून गाडी तशीच सुकू दिली तर मीठ पुन्हा चाकावर. शेवटचा हात गोड्या पाण्याचा मारा आणि फडक्याने टिपून घ्या. पाण्याची टंचाई असेल तर पाइप नको, दोन बादल्या पुरतात.

हात कुणाचे?

आता जरा सिरियस. ‘दोन मिनिटांत चकाचक’ करणाऱ्या काही स्वस्त व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक अॅसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. चाकाचं नुकसान सोडा, हे त्वचेतून आत शिरतं, आणि सौम्य द्रावण असेल तर दुखायला काही तासांनी सुरुवात होते. तोवर ते आत काम करत असतं. लागलंच तर ताबडतोब भरपूर पाण्याने धुवून, बाटली सोबत घेऊन डॉक्टर गाठायचा. ‘थोडंसं झोंबतंय, जाईल’ असं म्हणायचं नाही.

आपल्यापैकी किती जण चाकं स्वतः धुतात? पहाटे आपण झोपेत असताना सोसायटीतला दादा दहा-पंधरा गाड्या उघड्या हातांनी पुसतो. वॉशिंग सेंटरमधला मुलगा दिवसभर तोच स्प्रे मारतो. बाटली कोणती, हे त्यांना कुणी विचारत नाही आणि सांगतही नाही. मैत्रिणीने आता साधा उपाय केलाय. शॅम्पूची बाटली, चाकांसाठी वेगळा स्पंज आणि रबरी हातमोज्यांची जोडी स्वतःच घेतली आणि गाडी पुसणाऱ्या दादांना देऊन टाकली. “दादा, चाकाला फक्त हेच लावा हं.” जुने डाग गेले नाहीत, पण नवीनही आले नाहीत.

फंडा क्लिअर!

– गाडी चालवून आल्या आल्या धुवू नका. गरम चाकावर क्लीनर लगेच सुकतो आणि डाग पडतो. हात लावून बघा, थंड असेल तरच सुरुवात.
– एका वेळी एकच चाक. लावा, घासा, धुवा, मग पुढचं.
– चाकांचा स्पंज आणि बादली वेगळी. तीच बॉडीला वापरलीत तर लोखंडाचे कण रंगावर ओरखडे काढतील.
– समुद्राजवळ राहत असाल तर आठवड्यातून एकदा नुसत्या गोड्या पाण्याने चाकं धुवा. चाकामागचा भागही.
– फुटपाथचा ओरखडा पडला की टचअप लगेच. पावसाळ्याआधी तर नक्कीच.
– व्हील बॅलन्सिंग करताना कडेला ठोकायची वजनं नकोत, आतून चिकटवायची मागा. ठोकलेल्या वजनाखाली लॅकर फुटतो आणि गंजाला दार उघडतं.
– बाटलीवर पीएच किंवा घटक लिहिलेलेच नसतील, तर ती बाटली दुकानातच राहू द्या.

तेव्हा या रविवारी बाटली उघडण्याआधी चाकासमोर दोन मिनिटं उकिडवे बसा आणि नीट बघा. आणि हो, धुणारा हात दुसऱ्याचा असेल, तर हातमोज्यांची एक जोडी विसरू नका!